वाहक पट्ट्याची सरळ चाल : निदान आणि उपाय

गोव्यातील लोहखनिजाचा खाणीपासून जहाजापर्यंतचा प्रवास पाहिला, तर ट्रक आणि बार्ज यांच्या बरोबरीने आणखी एक वाहन त्यात राबताना दिसते. ते म्हणजे रबराचा वाहक पट्टा होय. कामगार त्याला नुसते ‘बेल्ट’ म्हणतात. क्रशरकडून चाळणी यंत्राकडे, तेथून धुलाईकडे आणि धुतलेल्या मालाच्या ढिगाकडे खनिज नेण्याचे काम हाच पट्टा करतो. १९७९ साली मुरगाव बंदरात खनिज हाताळणीचा यांत्रिक प्रकल्प कार्यान्वित झाला, तेव्हा मांडवी आणि जुवारी या नद्यांतून बार्जने आलेला माल जहाजात चढविण्याच्या कामी अशाच पट्ट्यांची योजना करण्यात आली होती. हे साधन गोव्यापुरतेच मर्यादित आहे असे मात्र नव्हे. साखर कारखाने, सिमेंटचे कारखाने, औष्णिक वीजकेंद्रे व कोळसा खाणी यांचा व्यवहार त्यावाचून चालत नाही. मेघालयातील चुनखडी सीमेपलीकडे बांगलादेशातील छातक येथे सुमारे १७ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावरून नेली जाते.

इतक्या उपयुक्त साधनाची एक जुनी तक्रार प्रत्येक कारखान्यात ऐकावयास मिळते. पट्टा मध्यावरून चालत नाही, एका कडेला सरकतो. दिसावयास ही बाब किरकोळ वाटते; परंतु तिच्यापायी माल सांडतो, पट्ट्याची कड फाटते, लोखंडी चौकट घासली जाते आणि प्रसंगी माणसाचा हात किंवा जीवही जातो. गोव्यापुरते पाहिल्यास या विषयाला सध्या विशेष महत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये येथील खाणकाम थांबले. पुढे लिलावाची प्रक्रिया होऊन २०२४ पासून काही खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्या. दीर्घकाळ निश्चल पडलेली यंत्रे चालू करण्याचा प्रसंग अशा वेळी येतो, आणि यंत्रावर येणारे हातही पुष्कळदा नवे असतात. अशा कामगारबंधूंना व पर्यवेक्षकांना उपयोगी पडावी, म्हणून या विषयाची मूलतत्त्वे येथे क्रमाने मांडली आहेत.

पट्ट्याची रचना

वाहक पट्टा म्हणजे दोन टोकांच्या पुलींभोवती फिरणारे रबराचे अखंड वेष्टन. माल जेथे पडतो त्या टोकाला टेल पुली व जेथे उतरतो त्या टोकाला हेड पुली असते. वरच्या बाजूने पट्टा माल घेऊन जातो व खालच्या बाजूने रिकामा परत येतो. वरच्या बाजूस बहुधा तीन-तीन रोलरांचे संच बसविलेले असतात. मधला रोलर आडवा आणि बाजूचे दोन वर कललेले असल्यामुळे पट्ट्याला पन्हाळीसारखा आकार येतो व माल मध्याशी राहतो. परतीच्या बाजूस सामान्यतः एकेक सरळ रोलर असतो. पट्टा सैल पडू नये म्हणून वजन टांगून किंवा स्क्रूच्या साहाय्याने त्याला ताण दिलेला असतो.

या रचनेत पट्ट्याला मध्यावर धरून ठेवणारी भिंत किंवा खाच कोठेही नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. आगगाडीच्या चाकाला रुळाची मर्यादा असते, तशी पट्ट्याला नाही. त्याची सरळ चाल सर्वस्वी पुली, रोलर, चौकट, ताण आणि माल यांच्या समतोलावर अवलंबून असते. हा समतोल जेथे ढळला, तेथून पट्टा सरकू लागतो. तो सरकण्यामागे कारण असतेच, आणि ते शोधून काढता येते.

मूळ नियम

पट्ट्याच्या सर्व हालचालींच्या मुळाशी एक साधा नियम आहे. रोलरच्या ज्या टोकाला पट्टा आधी भेटतो, त्या टोकाकडे तो सरकतो.

या नियमाची प्रचीती घरच्या टेबलावरही घेता येईल. टेबलावर एक गोल पेन्सिल आडवी ठेवावी. तिचे उजवे टोक किंचित आपल्याकडे ओढून ती तिरपी करावी. तिच्यावर एक पातळ पुस्तक ठेवून ते बोटाने हळूच समोर ढकलावे. पुस्तक सरळ पुढे न जाता उजवीकडे वळते असे दिसेल. पेन्सिल आपल्या लांबीला काटकोन करून घरंगळते व पुस्तकालाही त्याच दिशेने नेते. पट्ट्याखालचा तिरपा रोलर हेच काम करतो.

यावरून दुरुस्तीची दिशाही कळते. समजा, पट्ट्याच्या चालण्याच्या दिशेकडे तोंड करून आपण उभे आहोत आणि पट्टा उजवीकडे सरकत आहे. अशा वेळी रोलरचे उजवे टोक चालीच्या दिशेने किंचित पुढे सारावे. त्यायोगे डावे टोक पट्ट्याला आधी भेटेल व पट्टा डावीकडे, म्हणजे मध्याकडे, येऊ लागेल. परतीच्या बाजूस पट्टा उलट दिशेने चालतो. तेथे तोंड फिरवून उभे राहावे व हाच नियम लावावा. उजवे-डावे याविषयी होणारा घोटाळा बहुतेक वेळा तोंड न फिरविल्यामुळे झालेला असतो.

निदान कसे करावे

वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे निरीक्षण केल्यावाचून बोल्टला पाना लावू नये. पट्टा कोठे, केव्हा आणि त्याचा कोणता भाग सरकतो, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. त्यासाठी पट्ट्याच्या जोडाजवळ खडूने ठळक खूण करावी. हे काम यंत्र बंद असतानाच करावे. नंतर सुरक्षित अंतरावर उभे राहून काही फेऱ्या पाहाव्यात. खूण पुन्हा समोर येण्यास किती वेळ लागतो हेही मोजून ठेवावे.

पहिली शक्यता अशी, की पट्ट्याचा एक विशिष्ट भाग जेथे जाईल तेथे बाहेर सरकतो व बाकीचा पट्टा नीट चालतो. असे असेल तर दोष पट्ट्यात आहे. जोड काटकोनात बसलेला नसावा, पट्टा त्या ठिकाणी धनुष्यासारखा वाकलेला असावा किंवा त्याची कड फाटलेली असावी. येथे रोलर हलवून काहीही साधणार नाही.

दुसरी शक्यता अशी, की संपूर्ण पट्टा एकाच ठिकाणी बाहेर जातो. असे असेल तर दोष चौकटीत, रोलरांत किंवा पुलीत आहे. मात्र पट्टा जेथे सर्वांत जास्त बाहेर दिसतो, तेथे दोष असतोच असे नाही. पट्टा सरकावयास काही अंतर लागते. म्हणून कारण त्या जागेच्या अलीकडे, म्हणजे पट्टा जिकडून येतो तिकडच्या काही रोलरसंचांत, शोधावे. अननुभवी माणूस नेमका येथेच फसतो. दिसणाऱ्या जागेचा रोलर फिरवून तो मूळ दोषावर दुसरा दोष चढवितो.

तिसरी शक्यता अशी, की रिकामा पट्टा सरळ चालतो आणि माल पडू लागला की सरकतो. अशा वेळी चूटकडे पाहावे. माल पट्ट्याच्या मध्यावर न पडता एका बाजूस पडत असेल, तर त्याचा भार पन्हाळीच्या तळाशी येऊ पाहतो व पट्टा विरुद्ध बाजूस ढकलला जातो. माल डावीकडे जास्त पडला तर पट्टा उजवीकडे जातो. येथे उपाय चूटमध्ये करावा लागतो.

याच्या उलट, भरलेला पट्टा नीट चालतो आणि रिकामा मात्र भटकतो, असेही आढळते. नवा व ताठर पट्टा मधल्या रोलरवर नीट टेकत नसेल तर असे घडते. रोलरशी त्याचा संबंधच पुरेसा येत नसल्यामुळे रोलर त्याला वळण लावू शकत नाहीत.

नेहमी आढळणारी कारणे

जोड. पट्ट्याचे टोक कापताना ते कडेवरून गुण्या लावून कापण्याची पद्धत सर्रास दिसते. परंतु जुन्या पट्ट्याची कड झिजलेली असते आणि तिच्यावर विश्वासणे योग्य नव्हे. टोकापासून मागे काही अंतरापर्यंत अनेक ठिकाणी रुंदीचा मध्य काढावा, ते बिंदू जोडून मध्यरेषा आखावी आणि त्या रेषेला काटकोन करून छेद घ्यावा. दोन्ही कर्णांची मापे समान आली म्हणजे काम बरोबर झाले असे समजावे.

चिकटलेला माल. गोव्याच्या हवामानात हे कारण अग्रक्रमाने ध्यानात घेतले पाहिजे. जांभ्याच्या मातीसह येणारे बारीक खनिज ओले झाले की चिखलासारखे चिकटते. हेड पुलीजवळचा स्क्रेपर झिजला असेल तर हा चिखल परतीच्या पट्ट्याबरोबर मागे येतो व रोलरांवर थर धरतो. रोलरचा व्यास एके ठिकाणी जास्त व दुसरीकडे कमी झाला, म्हणजे तो सरळ बसविलेला असूनही पट्ट्याला सरळ नेत नाही. पावसाळ्याच्या तोंडी आणि पावसाळा संपताच पहिल्या काही दिवसांत पट्टे अधिक भटकतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. अशा वेळी रोलर फिरवू नये. तो साफ करावा आणि स्क्रेपर बदलावा.

जाम झालेले रोलर. न फिरणाऱ्या रोलरवर पट्टा घासत जातो. त्यामुळे चाल बिघडतेच, शिवाय घर्षणाने रोलर तापतो व कालांतराने त्याचे कवच झिजून सुरीसारखी धार निर्माण होते.

चौकटीचा दोष. ट्रकचा किंवा लोडरचा धक्का बसून चौकटीचा एखादा पाय सरकतो, पायाखालची जमीन खचते किंवा गंजामुळे बोल्ट सैल होतात. हेड पुलीच्या मध्यापासून टेल पुलीच्या मध्यापर्यंत पोलादी तार ताणून पाहिली म्हणजे चौकटीचा बाक तत्काळ उघड होतो.

दीर्घ विश्रांती. अनेक महिने किंवा वर्षे थांबून राहिलेल्या यंत्रात वरील बहुतेक दोष एकाच वेळी आढळण्याचा संभव असतो. उन्हाने रबर ताठर होऊन त्याला भेगा पडतात, बेअरिंगांत पाणी शिरून रोलर जाम होतात, ताण देणारे वजन आपल्या मार्गात अडकते. असा पट्टा थेट मालासह चालू करणे धोक्याचे होय. आधी प्रत्येक रोलर हाताने फिरवून पाहावा, चौकट तपासावी, जोडाची परीक्षा करावी आणि मगच पट्टा रिकामा चालवावा.

दुरुस्तीचा क्रम

प्रत्यक्ष दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी सर्व पुली व रोलर स्वच्छ करावेत, चौकट समपातळीत व सरळ रेषेत आहे याची खात्री करावी आणि पुली मध्यरेषेला काटकोनात आहेत हे पाहावे. या तीन गोष्टी झाल्या म्हणजे निम्मी दुखणी आपोआप जातात. पुलीचा उपयोग पट्टा वळविण्यासाठी कदापि करू नये. पुली काटकोनात ठेवावी आणि वळण रोलरांनी द्यावे, हा सर्वमान्य दंडक आहे.

त्यानंतर पट्टा रिकामा चालवावा. दुरुस्ती परतीच्या बाजूपासून सुरू करावी. हेड पुलीकडून टेल पुलीकडे, पट्टा ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, एकेक भाग नीट करीत जावे. पट्टा टेल पुलीवर मध्यभागी आला म्हणजे वरच्या बाजूस वळावे व टेलकडून हेडकडे याच पद्धतीने जावे. परतीची बाजू आधी घेण्याचे कारण उघड आहे. टेल पुलीवर जो पट्टा वाकडा येतो, त्याच्यावर माल मध्यावर पडणे शक्य नसते.

एक रोलर पुष्कळ फिरविण्यापेक्षा लागोपाठचे चार-पाच रोलर काही मिलिमीटर सारणे केव्हाही श्रेयस्कर. यंत्र थांबवावे, बोल्ट सैल करून रोलर सारावेत, बोल्ट घट्ट करावेत आणि यंत्र पुन्हा चालू करावे. मग धीर धरावा. एकूण ६०० मीटर लांबीचा पट्टा सेकंदाला ३ मीटर वेगाने चालत असेल, तर त्याची एक फेरी पूर्ण होण्यास २०० सेकंद लागतात. तीन फेऱ्या पाहावयाच्या म्हणजे दहा मिनिटे थांबणे आले. ही दहा मिनिटे वाचविण्याच्या नादात माणसे रोलर पुनःपुन्हा फिरवितात आणि दिवसअखेर पट्टा पूर्वीपेक्षाही वाकडा चालू लागतो.

रिकामा पट्टा स्थिरावल्यावर अर्धा माल व नंतर पूर्ण माल घालून पाहावे. जो पट्टा दोन्ही दिशांना चालविला जातो, त्याच्या बाबतीत रोलर तिरपे करण्याचा उपाय उपयोगी नाही. कारण एका दिशेला हितकर ठरलेला तिरपेपणा उलट दिशेला बाधक होतो. तेथे सर्व रोलर काटकोनात ठेवणे एवढाच मार्ग आहे.

काही ठिकाणी मध्यभागी खुंटीवर फिरणारे, पट्टा सरकताच आपोआप वळणारे रोलर बसविलेले असतात. ते साहाय्यक म्हणून चांगले. परंतु धुळीने खुंटी जाम झाली की तेच उलट वळण देऊ लागतात. कडेला उभे रोलर लावून पट्टा दाबून धरणे हा तर उपाय नव्हेच. त्याने पट्ट्याची कड दुमडते, फाटते आणि मूळ कारण तसेच राहते.

जीविताचा प्रश्न

वाकड्या चालणाऱ्या पट्ट्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, याची उदाहरणे खाणींच्या इतिहासात नोंदलेली आहेत. १९ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ॲराकोमा अल्मा या कोळसा खाणीत आग लागून दोन कामगार मृत्युमुखी पडले. शासकीय चौकशीत असे निष्पन्न झाले, की पट्टा मार्गावरून सरकून घासू लागला व त्या घर्षणातून आग उद्भवली. आग विझविण्यासाठी नळ उघडला, तेव्हा पाणी आले नाही. त्यापूर्वी २६ सप्टेंबर १९५० रोजी इंग्लंडमधील क्रेसवेल खाणीत फाटलेला पट्टा चूटमध्ये अडकला आणि घर्षणाने पेटला. त्या दुर्घटनेत ८० कामगार प्राणास मुकले. तेथे कारण फाटलेल्या पट्ट्याचे होते; परंतु पट्टा फाटण्याची सुरुवात अनेकदा कडेच्या घासण्यातूनच होते, हे विसरून चालणार नाही. लोहखनिज जळत नाही हे खरे. पण रबर जळते, आणि बंदिस्त जागेत त्याचा धूर प्राणघातक ठरतो.

आगीपेक्षाही नित्याचा धोका वेगळा आहे. चालत्या पट्ट्याला बांबू किंवा लोखंडी पहार लावून मध्यावर आणणे, चालत्या रोलरवरचा चिखल फावड्याने खरवडणे, या गोष्टी सवयीने केल्या जातात. पट्टा आणि रोलर जेथे एकत्र येतात त्या बेचक्यात पहार सापडली, की ती माणसासह आत ओढली जाते. सेकंदाला २ मीटर चालणारा पट्टा अर्ध्या सेकंदात १ मीटर पुढे जातो. माणसाचा संपूर्ण हात एवढाही लांब नसतो. हातातली वस्तू सोडून देण्याचा विचार मनात येण्यापूर्वीच सर्व संपलेले असते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमात यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण असावे ही तरतूद कलम २१ अन्वये करण्यात आली आणि चालत्या यंत्राजवळचे काम केवळ खास प्रशिक्षित व अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या व्यक्तीने करावे, असे बंधन कलम २२ ने घातले. कायद्यांची नावे व कलमे काळानुसार बदलतात. त्यामागील तत्त्व मात्र बदलत नाही.

म्हणून दुरुस्तीपूर्वी वीजपुरवठा मुख्य स्विचपाशी तोडावा, स्विचला कुलूप लावावे आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी. ‘काम चालू आहे, यंत्र सुरू करू नये’ अशी पाटी लावावी. वीज तोडली म्हणजे सर्व धोका टळला असे मानू नये. चढावरचा भरलेला पट्टा उलटा घसरू शकतो आणि ताण देणारे टांगते वजन खाली येऊ शकते. त्यांनाही अटकाव करावा. पट्टा बाहेर जाताच यंत्र थांबविणारा कडेचा स्विच आणि आणीबाणीची दोरी ही दोन्ही साधने कामगाराच्या रक्षणासाठी आहेत. स्विच वारंवार यंत्र थांबवितो म्हणून तो बांधून ठेवणे म्हणजे पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबण्यासारखे आहे.

नोंदवहीचे महत्त्व

प्रत्येक पट्ट्यासाठी एक लहानशी वही ठेवावी. कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाचा रोलर, कोणत्या बाजूस किती सारला आणि त्याचा काय परिणाम झाला, एवढेच तीत लिहावे. रात्रपाळीच्या माणसाने सारलेला रोलर दिवसपाळीच्या माणसाला ठाऊक नसला, तर दोघेही आपापल्या परीने प्रामाणिकपणे एकमेकांचे काम उलटवीत राहतात. वही असली म्हणजे हे टळते आणि नव्या माणसाला जुन्या माणसाचा अनुभव आयता मिळतो.

उजळणी

१. रोलरच्या ज्या टोकाला पट्टा आधी भेटतो, त्या टोकाकडे तो सरकतो.
२. पट्ट्याचा एकच भाग सर्वत्र सरकत असेल तर दोष पट्ट्यात. संपूर्ण पट्टा एकाच जागी सरकत असेल तर दोष त्या जागेच्या अलीकडील रोलरांत किंवा चौकटीत. माल पडल्यावरच सरकत असेल तर दोष चूटमध्ये.
३. आधी सफाई, मग चौकट व पुलींची तपासणी आणि शेवटी रोलरांची हालचाल.
४. परतीची बाजू आधी, मालाची बाजू नंतर. थोडे सारावे आणि तीन फेऱ्या थांबावे.
५. चालत्या पट्ट्याला हात, फावडे किंवा पहार लावू नये.

हा पाठ पर्यवेक्षकांनी आपल्या पाळीतील कामगारांना प्रत्यक्ष पट्ट्यापाशी उभे राहून समजावून सांगावा. पेन्सिल आणि पुस्तकाचा प्रयोग त्यांच्याकडूनच करून घ्यावा. पट्टा का सरकतो हे ज्याला एकदा उमगले, तो यंत्र थांबवून कारण शोधील आणि बांबूकडे त्याचा हात जाणार नाही.